सगळेच सज्जन, मग खून केला कोणी?

मी खुनाची गोष्ट सांगायला घेतली ती पुण्यकर्म म्हणून, हे आधीच सांगून टाकते. नंतर आमच्या जिन्यात आणि वाचनालयात माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते बोलणाऱ्यांना एवढी एक गोष्ट माहीत नव्हती.

सासूबाईंचा उजवा डोळा त्यांच्या हट्टापायी गेला. मोतीबिंदू पिकला, पिकून दगड झाला, पण "डॉक्टर नावाच्या माणसाला मी डोळ्याजवळ फिरकू देणार नाही" हे पालुपद काही सुटलं नाही. आता डावाही त्याच वाटेला लागला होता. लांबूनच तपासणाऱ्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आणखी चालढकल केलीत तर हाही हातचा जाईल. घरात सगळ्यांचं समजावून झालं. शस्त्रक्रिया किती सोपी असते ते ह्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. जिला दिसत नाही तिला आकृती काढून दाखवणं फक्त ह्यांनाच सुचू शकतं. समोरच्या वहिनींनी त्यांच्या आत्याचा दाखला दिला. आत्या म्हणे आता सुईत दोरा ओवते. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मला काय शिवायचंय?" विषय संपला.

मला वाद घालता येत नाही. माझा आवाजच मुळात असा, की भाजीवाल्याकडे काकडी मागितली तर तो दोन-तीनदा "काय?" म्हणतो आणि शेवटी स्वतःच्या मनाला येईल ते पिशवीत घालतो. आम्ही बरेचदा भोपळा खातो. शिवाय माझे नेम आहेत. खोटं बोलायचं नाही, हा एक. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, हा दुसरा. आणि सकाळी देवापुढे दिवा लावला की जपाची माळ पूर्ण होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिसरा. या तिसऱ्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. ह्यांच्या मते तोच सगळ्यात उपयोगी.

आईंना मात्र दिसेनासं झाल्यापासून माझ्या खुणा कळेनात. म्हणून आम्ही दोघींनी एक पद्धत बसवली होती. त्यांनी विचारायचं आणि मी त्यांचा हात धरून दाबायचा. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. "चहा झाला का गं?" एकदा. "साखर घातलीस?" दोनदा. त्यावर त्या जे म्हणत, ते दुसऱ्या नेमामुळे इथे लिहीत नाही.

तर वाद जमत नाही म्हणून मी गोष्टीचा मार्ग धरला. दुपारी आईंना काहीबाही वाचून दाखवायचा माझा रिवाज होताच. पण माझ्या पुस्तकांना त्या कंटाळल्या होत्या. "तुझ्या त्या ग्रंथांत पहिल्या पानावरच कळतं की देव जिंकणार," त्या म्हणाल्या. "काहीतरी असं सांग की जीव टांगणीला लागेल."

तेव्हा मला ती कादंबरी आठवली. लग्नाआधी कधीतरी हातात पडलेली. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव माहीत नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. पण तिच्यात एक डॉक्टर होते. असे डॉक्टर, की माणसाने आजारी पडावं तर त्यांच्यासाठी. आईंच्या मनातली भीती काढायला याहून चांगला उतारा कुठला? कादंबरी खुनाची होती हे खरं. पण पाप करणाऱ्याला शेवटी शिक्षा होते, यापेक्षा धार्मिक आणखी काय असतं?

गोष्ट साधी होती. एका मोठ्या बंगल्यात एक वयस्कर मालक राहत असतात. इस्टेट मोठी, मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चार माणसं जमतात. वकील, पुतण्या, डॉक्टर आणि मालकांची फार काळजी घेणाऱ्या एक बाई. बाहेर बागेत माळी. एके सकाळी मालक खुर्चीतच गेलेले सापडतात. शेजारी पेला, पेल्यात थोडंसं पेय उरलेलं, आणि त्या पेयात विष.

आईंनी पहिल्याच दुपारी विचारलं, "कसलं पेय गं? दूध का?"

मी म्हटलं, "पेय."

"दूधच असेल," आई म्हणाल्या. "म्हातारा माणूस, रात्री दूधच घेणार."

मी नाही म्हटलं नाही. हो तर मुळीच म्हटलं नाही.

गोष्टीने घर धरलं. आई जेवण लवकर उरकू लागल्या. ह्यांनी दुपारची कामं अशी लावून घेतली की गोष्टीच्या वेळी त्यांना काहीतरी घ्यायला घरी यावंच लागे. समोरच्या वहिनी डाळ निवडायला आमच्याकडे येऊन बसू लागल्या. इतकी डाळ त्यांच्या घरात शिजते हे मला माहीत नव्हतं. आणि मी डॉक्टरांचं वर्णन करत होते. पुस्तकात ते चांगले होतेच, मी थोडा विस्तार केला इतकंच. गरिबांकडून पैसे न घेणारे, भर पावसात छत्रीसुद्धा न घेता धावत येणारे, म्हाताऱ्या माणसांना "घाबरू नका, मी आहे ना" म्हणणारे. अखेर एके दुपारी आईंनी मोठा सुस्कारा सोडला. "असा डॉक्टर असेल ना, तर घालू दे त्याला डोळ्याला हात."

ह्यांनी त्याच दिवशी जाऊन तारीख घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता एक किरकोळ बाब सांगायची राहिली. त्या कादंबरीला मुखपृष्ठ नव्हतं तशी शेवटची पानंही नव्हती. खून कोणी केला हे मला कधीच कळलेलं नव्हतं. आईंना मी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं; न विचारलेलं न सांगणं खोट्यात मोडत नाही. माझा अंदाज असा की माझ्याजवळची गोष्ट संपायच्या आत शस्त्रक्रिया होईल, आणि मग डोळे आल्यावर कोणाला खुनी हवा असतो?

पण आईंचा रक्तदाब वर गेला आणि तारीख पुढे गेली. मग हृदय ठीक असल्याचं पत्र हवं होतं. पत्र मिळालं तर त्यावर शिक्का नव्हता, आणि शिक्का मारणारे रजेवर होते. "सही आहे ना?" ह्यांनी विचारलं. "सही कोणीही करेल हो," खिडकीतला माणूस म्हणाला, "शिक्का एकच आहे." तोवर मी एकेका दुपारी गोष्ट इतकी ताणली की वकिलांना खोलीतून बाहेर यायला दोन दिवस लागले. शेवटी ताणायलाही काही उरलं नाही. इन्स्पेक्टर सगळ्यांना बंगल्याच्या दिवाणखान्यात जमवतात, दार लावतात आणि म्हणतात, "खुनी या खोलीत आहे." तिथे माझं पुस्तक फाटलेलं होतं.

"मग?" आई म्हणाल्या.

"मग," मी म्हटलं, "पुढची पानं नव्हती, आई."

वहिनींच्या हातातून डाळ खाली सांडली.

"हे बघ," आई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलल्या की काही खरं नसतं. "शस्त्रक्रियेला मी नाही म्हणत नाही. शब्द दिलाय. पण खून कोणी केला ते कळल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही. माझं वय काय. आत काही कमीजास्त झालं तर? खुनी कोण ते न कळता मी वर जायचं?"

आणि नेमका त्याच संध्याकाळी शिक्का मिळाला. नवी तारीख अगदी जवळची होती. ही हुकली तर डॉक्टर परगावी जाणार होते आणि डोळा थांबणार नव्हता.

सल्ले यायला वेळ लागला नाही. हे म्हणाले, "माळ्यानं केला म्हणून सांग. माळी काय तुझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावणार आहे?"

"पण मला माहीत नाही. खोटं कसं सांगू?"

"अगं, गोष्टच खोटी आहे!"

"गोष्ट खोटी असली, तरी तिच्यात जे झालं ते खरं झालं."

ह्यांनी कपाळावर हात मारला. समोरच्या वहिनींची युक्ती जास्त सुबक होती. "मालकांनी स्वतःच विष घेतलं म्हणा. म्हणजे कोणाचीच निंदा नको, तुमचा तोही नेम सांभाळला!" क्षणभर मला मोह झाला, कबूल करते. पण एक नेम वाचवायला दुसरा मोडणं म्हणजे एका मुलाला जेवू घालायला दुसऱ्याच्या ताटातलं काढणं. मी चपला घातल्या आणि वाचनालयाची वाट धरली.

ग्रंथपालबाई नियमांच्या बाबतीत माझ्यासारख्याच आहेत, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. त्यांनी मला शोधअर्ज दिला. पहिला रकाना, पुस्तकाचे नाव. दुसरा रकाना, लेखकाचे नाव.

"हीच तर अडचण आहे," मी म्हटलं. "नाव माहीत असतं तर शोधलं कशाला असतं?"

"काय?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. माझा आवाज.

मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी लिहा." मी प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ असं लिहिलं. त्या आत गेल्या आणि बाहेर येऊन त्याच नावाचा एक कवितासंग्रह माझ्या हातात ठेवला. मी मागितलेलं पुस्तक नियमाप्रमाणे मला मिळालेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. तो संग्रह ह्यांनी घरी वाचायला घेतला आणि जेवताना मोठ्याने म्हणू लागले. आई म्हणाल्या, "यापेक्षा आंधळी झाले ते बरं. बहिरी कधी होणार तेवढं विचारून ठेवा."

दुसऱ्या खेपेला ग्रंथपालबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी फलकावर सूचना लावायची परवानगी दिली. मी नीट विचार करून लिहिलं: ‘एका कादंबरीचे नाव हवे आहे. बंगल्यात एक सद्गृहस्थ, त्यांचे कायदेशीर कामकाज मनापासून सांभाळणारे वकील, खेळकर पुतण्या, सेवाभावी बाई, देवासारखे डॉक्टर आणि अनुभवी माळी. पैकी कोणीतरी सद्गृहस्थांना मारतो. का, ते कळत नाही. जाणकारांनी कृपया मदत करावी.’ खाली आमचा फोन नंबर.

दोन दिवसांनी पाहिलं तर खाली वाचकांनी बरंच लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, ‘एवढी चांगली माणसं असतील तर सद्गृहस्थच वाईट असणार.’ दुसऱ्याने, ‘ही कादंबरी नाही, शोकसभेतलं भाषण आहे.’ तिसऱ्याने नुसतंच, ‘माळी.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘माळीच का दर वेळी? – एक माळी.’ मी तशीच घरी आले. पाणी प्यायले. मला राग येत नाही, पण त्या दिवशी पाणी दोन पेले लागलं.

फोनही आला. एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना पहाटे उठायची सवय, आणि फोन करायची वेळ नेमकी माझ्या मौनाची. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन उचलला आणि गप्प उभी राहिले. "मी निवृत्त प्राध्यापक बोलतोय, तुमची सूचना वाचली" एवढं सांगून ते बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिले. दुसऱ्या दिवशी मी माळेचे मणी फोनवर आपटून पाहिले, म्हणजे निदान कोणीतरी आहे हे कळावं. ते घाबरले असावेत; "कोण आहे तिकडे? मी पोलिसांना सांगेन!" म्हणाले. तिसऱ्या दिवशी हे उचलायला गेले, तर प्राध्यापक काही सांगायच्या आत हेच ओरडले, "थांबा! शेवट मला सांगू नका, मीही ऐकतोय ती गोष्ट!" आणि ठेवून दिला. मी माळ हातात धरून ह्यांच्याकडे पाहत राहिले. काही वेळा मौन माझं नव्हे, समोरच्याचं रक्षण करतं.

शेवटचा उपाय म्हणजे वाचनालयातली वाचकांची बैठक. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळीच ती होती. मी गेले. टेबलाभोवती आठ-दहा माणसं, आणि त्यांत बोलणारी मुख्यतः दोन. एक निवृत्त फौजदार, ज्यांनी आयुष्यभर खरे गुन्हेगार पकडले आणि आता पुस्तकातले पकडतात. दुसऱ्या गणिताच्या बाई, ज्या कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतात, कारण उत्तर आधी पाहिलं की रीत तपासता येते.

मी गोष्ट सांगितली. सगळ्यांनी आदराने ऐकली. कोणालाच आठवेना.

फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली. "ताई, एक विचारू? हा वकील. तो मालकांचे कागद सांभाळतो म्हणालात. कुठे सांभाळतो?"

"स्वतःच्या घरी."

"मालकांना विचारून?"

मी म्हटलं, "मालकांना त्रास द्यायचा नाही, असा त्यांचा स्वभाव होता."

टेबलाभोवती हालचाल झाली. "बरं. आणि हा खेळकर पुतण्या काय खेळतो?"

"पत्ते."

"पैसे लावून?"

"...खेळात रंग यावा म्हणून."

"माळी अनुभवी, म्हणजे कुठला अनुभव? आधी कुठे होता?"

"सरकारी जागेत होता. काही वर्षं."

"तुरुंगात?"

मी मान खाली घातली. फौजदार आता उभे राहिले होते. मला वाटतं त्यांना नोकरीचे दिवस आठवले. आवाज मात्र अगदी मऊ केला, आणि तो आवाज ऐकून मला कळलं की भल्याभल्यांनी त्यांच्यापुढे कबुली कशी दिली असेल. "आणि त्या मालकांची काळजी घेणाऱ्या बाई, त्या कोण लागत होत्या मालकांच्या?"

"नात्याने कोणी नव्हत्या," मी म्हटलं.

"काय?"

"नात्याने कोणी नव्हत्या!" आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज वाचनालयाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. वर्तमानपत्रं खाली आली. ग्रंथपालबाईंनी ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवलं. मला कोणी शांतता राखा म्हणेल, असं माझ्या आईवडिलांनाही वाटलं नसतं.

"आता शेवटचं, ताई. संध्याकाळची वेळ, दिवाणखाना, वकील, डॉक्टर, पत्ते कुटणारा पुतण्या, नात्याची नसलेली बाई. आणि ही मंडळी पेल्यातून दूध पितायत?"

"दूध मी कधीच म्हटलं नाही," मी म्हटलं. "मी पेय म्हटलं."

"दारू!" गणिताच्या बाई किंचाळल्या. "अहो, दारू म्हणा ना आधी! सगळं समीकरणच बदललं! ही तर ‘उरलेला घोट’!"

"‘उरलेला घोट’!" टेबलाभोवतीचे सगळे एकदम म्हणाले. निम्म्या लोकांनी ती वाचलेली निघाली. एक गृहस्थ म्हणाले, "मी दोनदा वाचलीय. पण तुमच्या गोष्टीत ती माणसं इतकी सुधारली होती की ओळखच पटेना."

मी लाजेने अर्धी झाले. निंदा करायची नाही म्हणून मी प्रत्येकाचं वाईट तेवढं गाळून सांगितलं होतं, आणि खुनाच्या कादंबरीतलं वाईट गाळलं की हाती काय उरतं, याचा विचारच केला नव्हता. गणिताच्या बाई शेवट सांगायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात फौजदार म्हणाले, "थांबा. ताईंनी स्वतः वाचू दे. ऐकीव पुरावा नको."

पण पुस्तक मिळेना. ग्रंथपालबाईंनी शोधून सांगितलं, ते फाटल्यामुळे नोंदीतून काढून टाकलंय. मागच्या खोलीत गठ्ठ्यात बांधलेलं असेल, पण नोंदीत नाही म्हणजे वाचनालयात नाही, आणि वाचनालयात नाही ते देता येत नाही. आईंच्या डोळ्याचं सगळं त्यांच्या कानावर होतंच. त्यांनी किल्ली घेतली, मागचं दार उघडलं, गठ्ठा सोडला आणि म्हणाल्या, "जे पुस्तक इथे नाही ते मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण जे इथे नाही ते तुम्ही उभ्याउभ्या वाचलंत, तर मी हरकत तरी कशी घेणार?"

या प्रतीची मधली पानं फाटली होती, मुखपृष्ठ शाबूत होतं. शेवटची पानं होती. धुळीच्या त्या खोलीत उभी राहून मी वाचू लागले. इन्स्पेक्टरांनी दार लावलं. ते वकिलांकडे वळले आणि पुढे गेले. पुतण्याकडे वळले आणि पुढे गेले. बाईंकडे पाहून मान लववली. मग ते थांबले. आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमची बॅग उघडता का?"

मी पुढची पानं भराभर वाचली आणि पुस्तक मिटलं.

देवासारखे डॉक्टर! छत्री न घेता धावत येणारे! मालकांनी इस्टेट त्यांच्या नावे करून ठेवली होती, आणि रोजच्या औषधाच्या निमित्ताने... जाऊ दे. ज्या डॉक्टरांच्या भरवशावर आमच्या आई उद्या सकाळी टेबलावर झोपणार होत्या, त्यांनीच खून केला होता. सांगावं, तर आई उठून घरी येतील आणि डोळा जाईल. न सांगावं, तर त्या टेबलावर झोपणारच नाहीत, तरी डोळा जाईल. आणि दुसरं कोणाचं नाव घ्यावं, तर माझा नेम. नाव शोधताना मला वाटत होतं की उत्तर मिळालं की सुटले. उत्तरं अशी असतात.

घरी पोचले तर आई झोपल्या होत्या. उद्या लवकर निघायचं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन गाढ झोपल्या होत्या. झोपलेल्या सासूकडे पाहून कुठल्या सुनेला इतकं बरं वाटलं नसेल.

"कळलं?" ह्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मला सांगू नकोस," हे म्हणाले आणि आत गेले. अशा माणसाशी सल्लामसलत काय करणार?

सकाळी मी दिवा लावला आणि माळ हातात घेतली. निघायची घाई होती, त्यामुळे माळ वाटेत पूर्ण करावी असं ठरवलं. टॅक्सीत मी मणी जरा सावकाश ओढत होते. मुद्दाम नव्हे, असं मी लिहिणार होते. पण पहिला नेम आहे. मुद्दामच.

हॉस्पिटलमध्ये आईंना हिरवा अंगरखा घालून बाकावर बसवलं. नर्स डोळ्यात थेंब घालून गेली. तरुण डॉक्टर स्वतः बाहेर आले. हसरा चेहरा, बोलणं गोड. "काय आजी, तयार ना? घाबरू नका, मी आहे ना." अगदी तेच शब्द. माझ्या हातातली माळ खाली पडता पडता राहिली.

"एक मिनिट," आई म्हणाल्या. "आमचं एक काम राहिलंय. सूनबाई कुठे आहे?"

मी जवळ बसले.

"कळलं का तुला? कोणी केला?"

मी माळ त्यांच्या बोटांना लावली. म्हणजे मौन.

"असू दे मौन. हात आहे ना." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मी विचारते, तू दाब. माळी?"

मी दोनदा दाबला.

"वाटलंच. बिचारा माळी. वकील?"

दोनदा.

"पुतण्या? नाही? मग ती बाई असणार. फार काळजी घेत होती."

दोनदा. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. हे भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून उभे होते.

आईंना आता एकच नाव विचारायचं उरलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही आणि माझा हात हलला नाही. मी मनातल्या मनात जप करत होते, पण कुठलं नाव घेत होते देव जाणे.

"डॉक्टर," आई हळूच म्हणाल्या.

"हां आजी?" तरुण डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही नाही हो. ते दुसरे." आणि माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर ना?"

मी डोळे मिटले आणि एकदा दाबला.

मला वाटलं आता उठतील. अंगरखा काढून फेकतील. पण आईंचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून पाहिलं तर त्या हसत होत्या. आवाज न करता, पोट धरून.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "छत्री न घेता धावत आला म्हणालीस ना, तेव्हाच वाटलं. अगं, इतकं चांगलं कोणी नसतं. तू कोणाचं जास्त कौतुक करायला लागलीस की समजावं, काहीतरी झाकतेयस." मग माझा हात तसाच धरून म्हणाल्या, "समोरच्या वहिनींना माझ्याबद्दल काय सांगतेस गं? सासूबाई म्हणजे देवमाणूस, असंच ना?"

मौन होतं. पण हात त्यांच्या हातात होता, आणि पहिला नेम होता.

मी एकदा दाबला.

आई इतक्या मोठ्याने हसल्या की नर्स धावत आली. "चला हो डॉक्टर," त्या उठत म्हणाल्या. "तुमच्याबद्दल हिने मला अजून एकही चांगला शब्द सांगितलेला नाही. म्हणजे तुम्ही बरे असणार. आणि माझ्याकडे इस्टेट नाही, हे आधीच सांगून ठेवते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माळ वर करून दाखवली. त्यांचा काय समज झाला कोण जाणे, पण त्यांनी नमस्कार केला आणि आईंना आत घेऊन गेले. दार मिटलं. ह्यांनी कानातली बोटं काढली आणि विचारलं, "झालं? माळीच ना?"

माझे बरेच मणी शिल्लक होते. ते मी घाई न करता ओढले.

पट्टी काढली तेव्हा आईंनी पहिल्यांदा खिडकी पाहिली, मग ह्यांच्याकडे पाहून "किती वाळलास रे" म्हणाल्या, जे खरं नव्हतं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं आता काहीतरी मायेचं बोलतील.

"दुपारी गोष्ट पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "आणि त्या पेल्यात काय होतं, ते या वेळी तोंडाने सांग. मला आता तुझं तोंड दिसतं."